काळा कोट, तानपुरा आणि क्रूझ: वकिलाला हे तिन्ही एकत्र जमतं का?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले 'अं' आणि 'म्हणजे काय की' बरेचसे गाळलेत. काही राहिले असतील, सांभाळून घ्या.

विषय तसा गमतीशीर वाटेल, पण आपल्या ऐकणाऱ्यांत लॉ करणारी मुलं-मुली बरीच आहेत, आणि त्यांतले कितीतरी जण गाणारे-वाजवणारे आहेत. कुणाच्या विशारदच्या परीक्षा झाल्यात, कुणी कॉलेजच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतं. त्यांच्या डोक्यात एक चित्र असतं: सकाळी लॉ कॉलेजात लेक्चर घ्यायचं, दिवसा कोर्ट, संध्याकाळी रियाज आणि सुट्टीत एखाद्या मोठ्या क्रूझवर कार्यक्रम. गाणंही होईल, जगही बघून होईल, वर पैसेही मिळतील. इन्स्टाग्रामवर असं आयुष्य जगणारे परदेशातले लोक दिसतात, मग वाटतं, आपण का नाही?

उत्तर 'हो' आहे, पण ते वेळेच्या नियोजनावर किंवा टॅलेंटवर अवलंबून नाही. ते अवलंबून आहे तुम्ही कुठल्या कागदावर सही करता त्यावर. त्याच जहाजावर, त्याच स्टेजवर, तेच गाणं एका कागदावर सही करून गायलात तर तुमची सनद सुरक्षित आहे आणि दुसऱ्या कागदावर सही करून गायलात तर धोक्यात आहे. आज तेवढंच नीट समजून घेऊ.

आधी मागे वळून बघू

वकिली आणि गाणं ही जोडी आपल्याकडे नवीन नाही. सगळ्यात मोठं नाव पंडित विष्णु नारायण भातखंडे. जन्म १८६०, मुंबईत वाळकेश्वरला. १८८७ मध्ये एलएल.बी. झाले आणि मुंबईत व कराचीत वकिली केली. त्याच काळात मुंबईच्या पारशी मंडळींच्या 'गायन उत्तेजक मंडळी'त त्यांचं शिकणं-शिकवणंही चालू होतं. पुढे पत्नी गेली, मुलगी गेली, आणि वकिली सोडून त्यांनी स्वतःला संगीताला वाहून घेतलं. देशभर प्रवास केला, उस्तादांना भेटले, जुने ग्रंथ शोधले, बंदिशी उतरवून घेतल्या. १९१६ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली, १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झालं. आज त्याचं भातखंडे विद्यापीठ झालंय.

मला नेहमी वाटतं की भातखंड्यांची वकिली कधी सुटलीच नाही. 'हिंदुस्तानी संगीत पद्धती' हा त्यांचा ग्रंथ उघडून बघा. गुरू-शिष्यांची प्रश्नोत्तरं आहेत. शिष्य शंका काढतो, गुरू पुरावा देतो, शिष्य पुन्हा खोदून विचारतो. एखाद्या साक्षीदाराची उलटतपासणी चालू आहे असंच वाटतं. हा राग असाच का? कुणी सांगितलं? कुठल्या ग्रंथात आहे? दहा थाटांची जी मांडणी आपण परीक्षेसाठी पाठ करतो, ती अशा पुरावे मागणाऱ्या डोक्यातून आलेली आहे.

दुसरं नाव तुमच्या आजी-आजोबांना विचारा: जी. एन. जोशी. नागपूरचे वकील. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची 'शीळ' ही रेकॉर्ड आली आणि मराठी भावगीत घराघरांत गेलं. आणि गंमत म्हणजे त्या गाण्याचे कवी ना. घ. देशपांडे, तेही मेहकरचे वकील! म्हणजे मराठी भावगीताची सुरुवात दोन वैदर्भीय वकिलांनी केली असं म्हटलं तर फार चुकणार नाही. जोशी पुढे १९३८ मध्ये मुंबईला एचएमव्हीत गेले आणि तिथेच रमले. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांचा १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' हा अल्बम ऐकला असेल ना? त्याचे निर्माते हेच जी. एन. जोशी.

तिसरे डॉ. अशोक दा. रानडे. इंग्रजी आणि मराठी साहित्याच्या पदव्या, वर एलएल.बी. गायचेही आणि मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालकही होते. त्यांची सप्रयोग व्याख्यानं ऐकलेले लोक आजही त्याबद्दल भरभरून बोलतात. सप्रयोग व्याख्यान म्हणजे आधी सांगायचं, मग गाऊन दाखवायचं, पुन्हा सांगायचं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे जहाजावर कामाला येणार आहे.

आता यातलं एक साम्य बघा. भातखंडे, जोशी, रानडे यांची नावं आपण संगीतासाठी घेतो. भातखंड्यांनी वकिली सोडली, जोशींची मागे पडली, रानड्यांकडे कायद्याची पदवी होती, पण ओळख गाण्याची आणि अभ्यासाची. उलट वकील-प्राध्यापक या जोडीतले लोक शेवटपर्यंत दोन्हीकडे टिकलेले दिसतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकिली करत करत मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजात शिकवत होते आणि १९३५ मध्ये तिथलेच प्राचार्य झाले. म्हणजे शिकवणं वकिलीला चिकटून बसतं, गाणं मात्र हळूहळू वकिलीला बाहेर ढकलतं. याचं एक कारण अर्थातच वेड आहे. पण दुसरं कारण नियमांत आहे.

शिकवायला परवानगी, पण तीन तास

ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ चा. त्याखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम आहेत, आणि त्यात 'इतर नोकरी-धंदा' या विषयावर ४७ ते ५२ असे सहा नियम आहेत. लॉच्या शेवटच्या वर्षी प्रोफेशनल एथिक्सच्या पेपरसाठी सगळे पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात.

थोडक्यात सांगतो. नियम ४७: वकिलाने स्वतः धंदा करायचा नाही. एखाद्या फर्ममध्ये नुसते पैसे गुंतवलेला, कारभारात हात न घालणारा भागीदार राहता येतं, तेही तो धंदा वकिलीच्या प्रतिष्ठेला शोभणारा असेल तर. नियम ४९: वकिली चालू असेपर्यंत कुणाचीही पूर्णवेळ पगारी नोकरी करायची नाही. अशी नोकरी घेतली तर बार कौन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत वकिली थांबवायची. नियम ५१ मात्र मोकळा आहे. त्यात पुस्तकं संपादित करणं, पेपर काढणं-तपासणं, परीक्षेसाठी शिकवणी घेणं यांना परवानगी आहे, आणि जाहिरातबंदी व पूर्णवेळ नोकरीबंदी पाळून रेडिओवर बोलणं, पत्रकारिता, व्याख्यानं देणं आणि कायद्याचे किंवा कायद्याबाहेरचे विषय शिकवणं यांनाही. नियम ५२ म्हणतो, अर्धवेळ काम घ्यायचं असेल तर राज्य बार कौन्सिलची संमती घ्या. ते काम वकिलीच्या आड येत नाही आणि शोभतं, असं कौन्सिलला वाटलं पाहिजे.

कायदा शिकवण्यासाठी १९७९ चे वेगळे नियम आहेत. विद्यापीठाशी संलग्न संस्थेत दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवलात, तर ती अर्धवेळ नोकरीच मानली जाते, मग पगार कसाही ठरलेला असो. इथे मुलं एक गोष्ट चुकवतात. बार कौन्सिलची अडचण नसली तरी कॉलेजची असू शकते. असिस्टंट प्रोफेसर म्हणून पूर्णवेळ रुजू झालात की कॉलेजचे सेवानियम लागू होतात, आणि ते सहसा बाहेर वकिली करू देत नाहीत. म्हणून 'व्हिजिटिंग' आणि 'पूर्णवेळ' यांतला फरक नियुक्तीपत्रावर वाचायचा, स्टाफरूममधल्या गप्पांवर जायचं नाही.

मुंबईतली लॉ कॉलेजं सकाळी लवकर का भरतात, याचंही उत्तर यातच आहे. शिकवणारे निम्मे लोक साडेदहाला कोर्टात उभे असायचे.

गाण्याचं नाव नियमात कुठेच नाही

पुन्हा नियम ५१ ची यादी डोळ्यांसमोर आणा. त्यात व्याख्यान आहे, शिकवणं आहे, पत्रकारिता आहे. गाणं नाही. वाद्य वाजवणं नाही. म्हणजे बंदी आहे असं नाही. सोसायटीच्या गणपतीत गायलात, वर्षातून चार मैफली केल्यात, मानधनाचं पाकीट घेतलंत, तर आजवर कुणी हरकत घेत बसलेलं नाही. पण दर शुक्रवार-शनिवार एका हॉटेलात ठरलेल्या पगारावर गाता, किंवा स्वतःच्या नावाने बँडची कंपनी काढून लग्नाची कंत्राटं घेता, तर पहिलं नियम ५२ मध्ये जातं आणि दुसरं सरळ ४७ ला धडकतं.

'कोर्टाच्या वेळेबाहेर मी काय करतो याच्याशी कुणाला काय देणंघेणं?' हा प्रश्न मनात आला असेल. तोच प्रश्न मुंबईच्या एका सर्जनने सुप्रीम कोर्टापर्यंत नेला होता. डॉ. हनिराज चुलानी विरुद्ध बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, निकाल १९९६ चा. डॉक्टरांनी लॉ केलं आणि सनद मागितली, पण डॉक्टरकी सोडायची तयारी नव्हती. आपल्या राज्य बार कौन्सिलचा नियम असा की, दुसरी नोकरी, धंदा किंवा व्यवसाय चालू असलेल्याला नाव नोंदवता येत नाही, काही ठरावीक अपवाद सोडून. सुप्रीम कोर्टाने तो नियम योग्य ठरवला. वकिली पूर्ण लक्ष मागते, कोर्ट सुटल्यावरही दुसऱ्या दिवसाची तयारी असते, पक्षकार भेटायला येतात, असा त्यामागचा विचार आहे.

हा निकाल गाण्यावर नाही, डॉक्टरकीवर आहे. पण क्रूझचं स्वप्न बघणाऱ्याने तो वाचायलाच हवा, कारण तो सनद घेण्याच्या टप्प्यावर लागू पडतो. म्हणजे लॉ झाल्यावर सहा महिन्यांच्या जहाजाच्या कंत्राटावर असताना 'चला, एन्रोलमेंटचा फॉर्म भरून टाकू' असं करू नका. फॉर्मबरोबर तुम्ही दुसरं काही काम करत नाही असं लिहून देता. खोटं लिहून मिळवलेली सनद नंतर जाऊ शकते. नोकरी सोडायच्या आधी परीक्षा तरी देता यावी यासाठी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एक वाट मोकळी केली: बार परीक्षा द्या, निकालानंतर सहा महिन्यांत नोकरी की वकिली ते ठरवा. पण दोन्ही हातांत धरून ठेवायची मुभा त्यातही नाही.

आता जहाजावर जाऊ

क्रूझवर गाणारे-वाजवणारे सगळे एकाच प्रकारचे नसतात. प्रवाशाला फरक कळत नाही, पण कागदावर तो जमीन-अस्मानाचा आहे.

पहिला प्रकार म्हणजे जहाजाचा संगीतकार. शो बँड, लाउंजमधला पियानिस्ट, रात्रीच्या पार्टीचा बँड. हे लोक क्रू असतात. कंत्राट साधारण चार ते सहा महिन्यांचं, कधी जास्त. त्यांना खलाशांचंच सीडीसी पुस्तक काढावं लागतं, मेडिकल द्यावी लागते आणि बेसिक सेफ्टी ट्रेनिंग करावं लागतं. त्यात आग विझवणं, प्रथमोपचार, पाण्यात जीव वाचवणं हे सगळं येतं. तुम्ही सॅक्सोफोन वाजवत असलात तरी आणीबाणीत प्रवाशांना जमायच्या जागी नेण्याची जबाबदारी तुमच्यावर असते, आणि त्याची ड्रिल नियमित होते. मॅरिटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६ हा आंतरराष्ट्रीय करार त्यांना लागू होतो. भारतानेही तो २०१५ मध्ये स्वीकारला. २४ तासांत किमान १० तास विश्रांती, आठवड्यात किमान ७७ तास, हे त्यातलंच.

या प्रकारात गोव्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गोव्यात जहाजावर काम करणाऱ्याला 'तारवटी' म्हणतात, आणि जवळपास प्रत्येक गावात एखादं तरी तारवट्याचं घर असतं. संगीतातही गोवेकर पुढे का गेले? चर्चच्या शाळांतून लहानपणीच व्हायोलिन आणि स्टाफ नोटेशन वाचायला शिकवत. तो कागद वाचता येत होता म्हणून मुंबईच्या जॅझ बँडमध्ये, मग हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात आणि जहाजांवर त्यांना काम मिळालं. आपल्याकडे भातखंडे स्वरलिपी शिकलेली मुलं खूप आहेत, पण शो बँडमध्ये तिचा उपयोग नाही. संध्याकाळी पाहुणा गायक येतो, त्याच्या चीटचे कागद हातात देतो, एक रिहर्सल होते आणि रात्री शो. पाश्चात्त्य नोटेशन नजरेसरशी वाचता आलं नाही तर ती नोकरी तुमची नाही.

आता आपला प्रश्न: सनद असलेल्या वकिलाला ही नोकरी चालेल? माझं मत स्पष्ट आहे, नाही. पूर्णवेळ आहे, पगारी आहे, नियम ४९ समोर उभा आहे. तरी जायचंच असेल तर सरळ रस्ता आहे. बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करायची, कंत्राट पूर्ण करायचं, परत येऊन रीतसर अर्ज करून पुन्हा सुरू करायची. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाजेची गोष्ट म्हणजे जहाजावर पगार घ्यायचा आणि इकडे ज्युनियरला पाठवून वकालतनाम्यावर आपलंच नाव चालू ठेवायचं.

दुसरा प्रकार पाहुणा कलाकार. याला क्रूझच्या भाषेत गेस्ट एंटरटेनर म्हणतात. एखाद्या बंदरावर जहाजात चढायचं, दोन-तीन शो करायचे, पुढच्या बंदरावर उतरायचं. कधी पूर्ण सफर, म्हणजे आठवडा-दोन आठवडे. मानधन कार्यक्रमाचं. हा पगारदार नाही, पाहुणा आहे. इथे वकील बसू शकतो, पण गाणं नियम ५१ मध्ये नसल्यामुळे वारंवार जायचं असेल तर ५२ ची संमती आधी घेतलेली बरी.

तिसरा प्रकार आपल्यातल्या फार कमी लोकांना माहीत आहे, आणि वकिलासाठी तोच सगळ्यात सोयीचा. लांबच्या सफरीत जहाज दोन-दोन दिवस बंदराला लागत नाही. त्या दिवशी प्रवाशांना करायला काही हवं असतं, म्हणून जहाजं व्याख्याते बोलावतात. पुढच्या बंदराचा इतिहास, समुद्री व्यापार, कला, संगीत, असे विषय असतात. बऱ्याचदा मोबदला म्हणजे केबिन, जेवण आणि प्रवास. रोख फारशी नाही. प्राध्यापक लोक निवृत्तीनंतर हे आवडीने करतात.

आता रानड्यांचं सप्रयोग व्याख्यान आठवा. 'हिंदुस्तानी राग म्हणजे काय' हे पंचेचाळीस मिनिटांत सांगायचं आणि मधे मधे गाऊन दाखवायचं. हे व्याख्यान आहे. आणि व्याख्यान देणं नियम ५१ मध्ये नाव घेऊन लिहिलेलं आहे. म्हणजे वकील, प्राध्यापक आणि गायक हे तिघे जहाजाच्या एकाच स्टेजवर चढू शकतात, ते असे. हे माझं नियमाचं वाचन आहे, बार कौन्सिलचा आदेश नाही, हे ध्यानात असू द्या.

सही करण्याआधी

इथे मुलं पैसे घालवून बसतात, म्हणून जरा थांबतो.

क्रूची नोकरी देणारी भारतातली एजन्सी डीजी शिपिंगकडून आरपीएसएल परवाना घेतलेली असली पाहिजे. यादी डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर आहे, फोनवर दोन मिनिटांत बघता येते. आणि नोकरी लावून देण्याबद्दल एजन्सीने तुमच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, असं त्याच आंतरराष्ट्रीय करारात आहे. पासपोर्ट, मेडिकल, सीडीसी यांचा खर्च तुमच्याकडे येऊ शकतो, पण 'प्लेसमेंट फी' म्हणून दीड लाख मागितले तर तिथेच उठा. टेलिग्रामवर आलेलं ऑफर लेटर, त्यावर क्रूझ कंपनीचा लोगो आणि पाठवणाऱ्याचा जीमेल पत्ता, इतकं बघून कळायला हवं. लॉ शिकलेल्या माणसाने तरी यात फसू नये.

पाहुण्या कलाकाराने व्हिसाचं कंपनीकडून लेखी घ्यावं. पर्यटक म्हणून जाऊन मानधन घेणं कुठल्याच देशाला आवडत नाही, आणि बंदरावर इमिग्रेशनच्या खिडकीत 'आयोजक म्हणाले चालतं' हे उत्तर चालत नाही.

मग रेकॉर्डिंगचं कलम. जहाजावरचा शो कंपनी शूट करते आणि केबिनमधल्या टीव्हीवर दाखवते. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क असतो, तोही ५० वर्षं. पण तुम्ही 'सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' अशा ओळीखाली सही केलीत तर तो हक्क एका रात्रीत दुसऱ्याचा होतो. दुसऱ्यांची कंत्राटं बारकाईने वाचणारे वकील स्वतःचं कंत्राट विमानतळावर बसून फोनवर स्क्रोल करून सही करतात. असे बघितलेत मी.

आणि रील! स्टेजवरून रील टाका, खुशाल. पण कॅप्शनमध्ये 'ॲडव्होकेट, हायकोर्ट, प्रॉपर्टी मॅटर्ससाठी डीएम करा' असं लिहिलंत तर नियम ३६ आला. वकिलाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष जाहिरात करता येत नाही. काळा गाऊन आणि पांढरे बँड घालून गाण्याचा व्हिडिओ करायची कल्पनाही भारी वाटेल, पण ठरावीक समारंभ सोडले तर बँड आणि गाऊन कोर्टाबाहेर सार्वजनिक जागी घालायचे नाहीत असा नियम आहे. गायक म्हणून जाताय ना, मग कुर्ता घाला.

तारखा आणि लाटा

सगळं कागदावर जमलं तरी कॅलेंडर उरतंच. मुंबई हायकोर्टाला साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून उन्हाळी सुट्टी असते, दिवाळीची असते आणि नाताळची असते. आता क्रूझचं बघा. मुंबई-गोवा-लक्षद्वीपकडचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो, म्हणजे दिवाळी आणि नाताळ दोन्ही त्यात येतात. २०२१ पासून कॉर्डेलियाच्या सफरी मुंबईतून सुरू झाल्यापासून व्हिसाशिवाय, देशातल्या देशात असं काही करून बघायची सोय झाली आहे. बॅलार्ड पियर हायकोर्टापासून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. शुक्रवारी बोर्ड संपवून संध्याकाळी जहाजात चढता येईल इतकं जवळ. मे महिन्यात भूमध्य समुद्रातला हंगाम रंगात असतो, आणि अलास्काचाही त्याच सुमारास सुरू होतो. म्हणजे कोर्टाच्या सुट्ट्या आणि समुद्राचे हंगाम चक्क जुळतात.

न जुळणारी गोष्ट पक्षकाराची आहे. त्याला सुट्टी नसते. अटकपूर्व जामीन, घरावरचा ताबा, मुलाची कस्टडी यांतलं काहीही सुट्टीतल्या कोर्टापुढे लागू शकतं. समुद्रात नेट उपग्रहावर चालतं आणि व्हिडिओवरून सुनावणीत हजर राहू, असं गृहीत धरून निघणं म्हणजे दुसऱ्याच्या आयुष्याशी जुगार. घेतलेलं काम पुरेशा कारणाशिवाय आणि वेळेत कळवल्याशिवाय सोडता येत नाही, हाही नियमच आहे. म्हणून जाणारा वकील निघायच्या आधी तीन कामं करतो. चालू मॅटर्सची यादी काढून प्रत्येकावर दुसऱ्या वकिलाचं नाव लिहितो. त्या वकिलाचं नाव वकालतनाम्यावर आधीपासून आहे ना, ते तपासतो. आणि पक्षकाराला स्वतः फोन करतो: 'काका, मी अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत बाहेर आहे, काही लागलं तर या मॅडमना फोन करा, फाइल त्यांच्याकडे आहे.' मेसेज टाकून नाही. फोन.

ज्युनियर असाल तर मात्र सीनियरला विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. पहिली दोन-तीन वर्षं तुमची सुट्टी तुमची नसते. सुट्टीतच सीनियर पुढच्या टर्मची ड्राफ्टिंग काढून बसतात. त्या काळात गाणं मुंबई-पुण्यातल्या मैफलींपुरतं ठेवा आणि शिकवणं व्हिजिटिंगपुरतं. जहाजं पुढेही असणारच आहेत.

नियम ५२ च्या संमतीचा अर्ज करायचा असेल तर तो लांबलचक नको. तुमचं नाव, सनद क्रमांक, कामाचं स्वरूप, वर्षात किती दिवस, कोर्टाच्या सुट्टीत की बाहेर, मोबदला मानधन आहे की पगार, आणि कंत्राटाची प्रत. सोबत एक वाक्य की हे काम चालू असताना कुठल्याही पक्षकाराचं काम अडणार नाही, आणि ते कसं. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी एकच बार कौन्सिल आहे, तिचं कार्यालय मुंबईत हायकोर्टाच्या आवारात. अर्ज दिला की पोचपावती घ्या आणि उत्तर येईपर्यंत कंत्राटावर सही करू नका.